धूळ उडायच्या आधी

आमच्या गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे १९८४ सालचे. जुनी कौलं उतरवून ते घातले तेव्हा वडिलांना कोण समाधान वाटलं होतं. माकडांनी कौलं फोडायची कटकट मिटली, दर मे महिन्यात कौलं परतायचं काम गेलं आणि बेळगावच्या पावसात गुरांच्या अंगावर थेंब पडेना. आमच्या हिंडलग्यात आजही जुन्या घरांच्या मागच्या दारी गेलात तर न्हाणीवर, शेणी रचायच्या खोपीवर, भाड्याच्या खोल्यांवर हेच करडे, शेवाळ धरलेले पत्रे दिसतील. आमची गुरं केव्हाच गेली. यंदा संक्रांत झाल्यावर त्या गोठ्याच्या जागी मुलगा-सुनेसाठी दोन खोल्या काढायचं ठरलं, कारण घरात आता नातवंड रांगतंय.

कंत्राटदार माझाच विद्यार्थी. मी मराठी हायस्कूलात रसायनशास्त्र शिकवायची. तो मागच्या बाकावर बसायचा आणि आता एका वेळी चार साइटी सांभाळतो. पहिल्याच सकाळी तो घण आणि तीन पोरं घेऊन हजर. "बाई, वरनं घाव घातलं की पत्रा खाली येतंय. दुपारपर्यंत मोकळं करून देतो की ओ." पोरं शिडीवर चढायलाही लागली होती. मी त्यांना खाली बोलावलं आणि आधी चहा घ्या म्हटलं, कारण मला सांगायचं होतं ते दोन वाक्यांत संपणारं नव्हतं.

सिमेंटच्या पत्र्यात नुसतं सिमेंट असतं तर तो उचलतानाच मोडला असता. त्याला धरून ठेवायला वजनाच्या दहाएक टक्के अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असतात. हे जमिनीतून खणून काढलेलं खनिज. दगड असून पिंजता येतो, जळत नाही, कुजत नाही आणि स्वस्त पडतो. पण जो तंतू छपरावर कुजत नाही, तो फुप्फुसातही कुजत नाही. तो उभा चिरत जातो, एकाचे अनेक होतात, आणि इतके बारीक होतात की डोळ्याला दिसत नाहीत, नाकाच्या केसांत अडकत नाहीत. फुप्फुस हळूहळू घट्ट करणारा अ‍ॅस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हे त्याचे परिणाम. अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोगकारक आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. आपल्या पत्र्यांतला पांढरा प्रकारही त्यात आला.

माणूस फसतो तो काळाच्या हिशोबात. आज श्वासातून आत गेलेला तंतू वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी आजार दाखवतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांना बजावलं की कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे उशिरा संपेल तोवर ठेवा. मुंबईतल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या एका गिरणीतले १८१ कामगार व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तपासले होते. २००५ साली छापून आलेल्या त्या पाहणीत एक पंचमांशाहून जास्त जणांना अ‍ॅस्बेस्टोसिस निघाला. गिरणीत निदान हजेरीपट असतो. आज हिंडलगा, उद्या सुळगा, परवा शिनोळीला रोजावर जाणाऱ्या आमच्या या पोरांच्या छातीची नोंद कोण ठेवणार?

त्यातल्या एकाच्या कानावर विडी होती. निपाणीच्या तंबाखूवर आमचा अर्धा मुलूख वाढला, तेव्हा विडीवर प्रवचन करायचा मला अधिकार नाही, पण एक आकडा मी त्याला सांगितला. अमेरिकेत अ‍ॅस्बेस्टॉसचं काम करणाऱ्या कामगारांचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. विडी-सिगारेटही नाही आणि अ‍ॅस्बेस्टॉसही नाही, अशा माणसाच्या मानानं नुसतं अ‍ॅस्बेस्टॉसचं काम करणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगानं मरण्याचा धोका सुमारे ५ पट निघाला, नुसतं धूम्रपान करणाऱ्याला ११ पट, आणि दोन्ही करणाऱ्याला ५० पटींच्याही वर. ही बेरीज नाही, गुणाकार आहे. पोरानं विडी कानावरून काढून खिशात ठेवली. एवढंच.

कंत्राटदार मात्र हटेना. "बाई, आमचा आज्जा असल्याच पत्र्याखाली म्हातारा झाला. काय झालं त्याला?"

त्याचं बरोबर होतं, आणि माझं म्हणणंही नेमकं तेच होतं. धड असलेल्या पत्र्याखाली राहणाऱ्यानं रातोरात घर सोडायचं काही कारण नाही. सिमेंटनं तंतू धरून ठेवलेले असतात. बांधकामातल्या बहुतेक विषारी गोष्टी अशाच. जागच्या जागी पडून असतात तोवर त्यांचा उपद्रव थोडा. फोडल्या, खरवडल्या, कोरड्या कापल्या, तापवल्या, ओल्या असताना उघड्या हातानं कालवल्या, की त्या माणसात शिरतात. आणि शिरतात त्या आधी कामगारात. मालकाच्या वाट्याला नंतर उरलेली धूळ येते. दुकानात काय निवडलं याला महत्त्व आहेच, पण साइटवर काम कुठल्या रीतीनं झालं यावर बरंच जास्त ठरतं, आणि ती रीत ठरवायची ताकद पैसे देणाऱ्याच्या हातात असते. मालक बोलला नाही तर घण चालतो.

मग पत्रे उतरवायला दुपार नाही, दोन दिवस लागले. आधी पंपानं पाणी मारलं, पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून, म्हणजे पाणी नुसतं ओघळून न जाता आत मुरतं. हुक-बोल्ट गंजून बसले होते. ते ग्राइंडरनं कापले असते तर पत्राही कापला गेला असता, म्हणून हातकात्रीनं तोडले आणि एकेक आख्खा पत्रा दोरीनं खाली सोडला. वर पाय ठेवायला फळ्या टाकल्या होत्या. जुना पत्रा पायाखाली मोडून माणूस खाली येतो ही आमच्याकडची नेहमीची दुर्घटना, आणि अ‍ॅस्बेस्टॉस चाळीस वर्षांनी मारत असेल तर ती त्याच दिवशी मारते. पोरांना एन-९५ मास्क दिले. तोंडाला बांधलेला रुमाल इतकी बारीक धूळ अडवत नाही, बांधल्याचं समाधान तेवढं देतो. पडलेले तुकडे ओले करून हातमोज्यांनी वेचले, जमीन झाडली नाही, ओल्या फडक्यानं पुसली. अंगावरचे कपडे न झटकता वेगळे धुवायला सांगितले.

उतरवलेल्या पत्र्यांचं काय करायचं याचं उत्तर मात्र मला कुणाकडून मिळालं नाही. कारखान्यातल्या अशा कचऱ्याला नियम आहेत, तो पुरायच्या वेगळ्या जागा आहेत. घरातून निघालेल्या पंचवीस-तीस पत्र्यांना वाली नाही. आमचे पत्रे जाड प्लास्टिकात गुंडाळून, वर खडूनं नाव लिहून परड्याच्या कोपऱ्यात रचले आहेत. एकजण कोंबड्यांच्या खुराड्यासाठी मागायला आला होता. दिले नाहीत, आणि तो जरा रागावून गेला. पावसाळ्याआधी तारेच्या ब्रशानं पत्र्यावरचं शेवाळ खरवडून वर डांबर फासायची पद्धत आमच्या भागात घरोघरी आहे. त्या खरवडण्यात वर्षाकाठी किती तंतू उडत असतील, आणि तेही शिडीवरच्या माणसाच्या नाकासमोर! पत्रा ठेवायचाच असेल तर त्याला भोकं पाडू नका, खरवडू नका, जोराच्या पाण्याखाली धुऊन पांढरा करायचा हट्ट धरू नका. त्या छपरावरून पन्हळीत आलेल्या पाण्याची लोकांना फार धास्ती वाटते. पण पोटात गेलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसनं अपाय होतो असा ठोस पुरावा मिळालेला नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचंच म्हणणं आहे. सांभाळायचा तो श्वास.

आपल्या देशात अ‍ॅस्बेस्टॉस खणायचे परवाने बंद झाले, पण पत्रे बनवणं आणि त्यासाठी बाहेरून, मुख्यतः रशियातून, तंतू आणणं चालूच आहे. कॅनडानं अनेक वर्षं आपल्याला हा माल विकला आणि २०१८ च्या अखेरीस स्वतःच्या घरात त्यावर बंदी घातली. त्यावर मी अधिक काही बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

नव्या खोल्यांवर मी मंगळुरी कौलं घ्यायची ठरवली. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली; मातीच्या कामात आमचं खानापूरही मागे नाही, कुंभारकामाची केंद्रीय संस्थाच तिथं आहे. माकडं काय, येतील. कौलांखाली लोखंडी अँगलचा सांगाडा आला आणि त्या सांगाड्याबरोबर आला प्रायमरचा डबा.

डब्यातला रंग भगवट लाल होता. लोखंडाला लावायचा नेहमीचा रेड ऑक्साइड विटेसारखा तांबूस असतो, कारण तो लोखंडाचाच गंज, बारीक दळलेला. हा जरा जास्तच झळझळीत दिसला म्हणून मी डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा मागवला. मला शंका आली ती शेंदराची. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. त्याच्या वजनातलं ९० टक्के शिसं असतं, हे मी दरवर्षी फळ्यावर गणित करून दाखवायची. शिशाचा प्रायमर गंज उत्तम थोपवतो, म्हणूनच तो पुलांना आणि जहाजांना लावत आले. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा केंद्राचा नियम २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता; औद्योगिक रंग त्याच्या बाहेर राहिले. फॅब्रिकेशनच्या शेडमधून घराच्या सांगाड्यावर येणारा डबा कुठल्या गटातला, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आम्ही तो परत पाठवला आणि साधा रेड ऑक्साइड मागवला, जो स्वस्तही पडला.

नव्या रंगापेक्षा जुना रंग मला जास्त सतावत होता. मधल्या घराची दारं-खिडक्या वडिलांच्या हातची, पिवळ्या आणि हिरव्या ऑइल पेंटच्या कितीतरी थरांची. पिवळा, नारिंगी, लाल यांना झळाळी आणायला शिशाचं क्रोमेट घालत, आणि तो काळ नियमाच्या फार आधीचा. असा रंग तपासायची सोय हाताशी नसेल तर त्यात शिसं आहे असं धरून चालणंच शहाणपणाचं. रंगारी मामा आमच्याकडे अनेक वर्षं येतात. त्यांनी पॉलिश पेपर काढला आणि खिडकीची चौकट कोरडी घासायला सुरुवात केली. चौकटीखालच्या कट्ट्यावर पिवळट पीठ साठायला लागलं, आणि त्याच कट्ट्याला धरून आमचं पिल्लू उभं राहायला शिकतंय.

शिशाचा घोटाळा असा की शरीर त्याला कॅल्शियम समजून घेतं आणि हाडांत साठवतं. वाढत्या मुलाला कॅल्शियम हवंच असतं, म्हणून मोठ्यांपेक्षा ते शिसं कितीतरी जास्त शोषतं आणि त्याचा घाव मेंदूवर पडतो. शिकण्याची ताकद कमी होते, आणि गेलेली परत येत नाही. रक्तातलं शिसं अमुकपर्यंत निर्धोक, अशी पातळीच सापडलेली नाही. गरोदर बाईच्या हाडांतलं जुनं शिसं सुटून पोटातल्या बाळापर्यंत जातं. बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशननं १९९९ साली मोठ्या शहरांत केलेल्या तपासणीत निम्म्याच्या आसपास मुलांच्या रक्तात तेव्हाच्या धोक्याच्या रेषेपेक्षा जास्त शिसं निघालं. तेव्हा पेट्रोलमध्येही शिसं होतं. २००० साली ते बंद झालं. घरातला जुना रंग मात्र चौकटीवर आहे तिथंच आहे.

मामांना मी म्हटलं, "मामा, वॉटर पेपर वापरा." ते हसले. "बाई, लाकूड आहे, गाडी नव्हं. पाणी लावलं तर फुगतंय, वाळायला दिवस जातंय." तो दिवस मी मजुरीत धरला. पाणी शिंपडून घासलं की धूळ उडत नाही, तिचा चिखल होतो आणि फडक्यानं पुसून घेता येतो. जो थर घट्ट बसलाय तो सोडून द्यायचा, त्याच्यावरच नवा हात मारायचा. सुटलेला तेवढाच काढायचा. ब्लो-लॅम्पनं जाळून रंग उतरवायची पद्धत तर एकदम बंद, कारण तापल्यावर शिसं धुरातून येतं. खाली प्लास्टिक अंथरलं, बाळाला सुनेबरोबर तिच्या माहेरी धाडलं, आणि काम संपल्यावर जमीन दोनदा ओल्यानं पुसली.

यात एक गोष्ट मामांच्या बाबतीत नजरेला आली. ते दर तासाला काम थांबवून तंबाखू मळत. डाव्या तळहातावर तंबाखू, चुना, उजव्या अंगठ्यानं रगडणं, मग चिमूट ओठाआड. त्या तळहातावर सकाळपासूनचं पिवळं पीठ! श्वासातून जाईल त्याहून कितीतरी जास्त शिसं या वाटेनं पोटात जात असणार. मी साबण आणि पाण्याची बादली चौकटीशेजारी ठेवली आणि तंबाखूच्या आधी हात धुवा, एवढंच मागितलं. तंबाखू सोडा म्हटलं असतं तर मामा मलाच सोडून गेले असते.

फरशी बसवायला आली तेव्हा गोष्ट उलटी झाली. तिथं विष डब्यात नसतं, चांगल्या दगडातच असतं. टाइल, ग्रॅनाइट, काँक्रीट कोरडं कापताना जो पांढरा ढग उठतो त्यात स्फटिकरूप सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस. बेळगावकरांना हे नव्यानं सांगायला नको. उद्यमबागेतल्या फौंड्र्यांत वाळूचे साचे पाडणारी, झाडणारी माणसं आपल्या ओळखीची आहेत. या रोगाला औषध नाही, आणि त्याच्या मागोमाग क्षय यायची भीती असते. ओट्याला काळा ग्रॅनाइट घ्यावा की हल्लीचा तयार क्वार्ट्झ, असं सून विचारत होती. काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बहुतेक वेळा डोलेराइटच्या जातीचा दगड, त्यात क्वार्ट्झ नावापुरता. कारखान्यात दगडाची भुकटी रेझिननं चिकटवून केलेल्या पाट्यांत सिलिका ९० टक्क्यांच्या घरात जाते. त्या कापणारी तरुण मुलं काही वर्षांतच आजारी पडायला लागली, म्हणून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून अशा पाट्यांवरच बंदी आणली. स्वयंपाक करणाऱ्या बाईला त्या ओट्यापासून काही होत नाही. म्हणूनच हा विषय दुकानात कधी निघत नाही.

आम्ही काळा दगड घेतला आणि कापणी पाण्यावर. कटरच्या पात्यावर पाणी पडेल अशी, बुचाला भोक पाडलेली बाटली एका पोरानं धरायची. पण विजेचं हत्यार आणि पाणी एकत्र आलं की धक्क्याचा धोका. अर्थिंग आणि गळतीला वीज तोडणारा ब्रेकर नसेल तर हा सल्ला फुप्फुस वाचवून माणूस घालवील. तो ब्रेकर बोर्डात आधी बसवला, मग कटर सुरू झाला. जिथं पाणी चालत नाही तिथं कापायचं काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून.

सिमेंटबद्दल थोडक्यात. ओलं सिमेंट कडक अल्कली असतं, कातडी भाजतं. शिवाय त्यातल्या क्रोमियमनं काही गवंड्यांना असा इसब जडतो की धंदाच सोडावा लागतो. युरोपनं २००५ पासून सिमेंटमधल्या या विरघळणाऱ्या क्रोमियमवर दहा लाखांत २ भागांची मर्यादा घातली, ती पाळायला सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळतात. आपल्या साइटवर उपाय म्हणजे रबरी हातमोजे, गमबूट आणि हात धुवायला वेगळं स्वच्छ पाणी. आमच्याकडे गवंडी ज्या पिंपात थापी बुडवतात त्यातच हात धुतात.

आता लाकडाचं काम, ज्यावर घरात खरोखर वाद झाला. मुलाला खोलीत भिंतभर तयार कपाट हवं होतं, एमडीएफचं, गुळगुळीत. भुसा किंवा लाकडाचे तंतू चिकटवून असे बोर्ड करतात तेव्हा स्वस्त गोंद म्हणून यूरिया-फॉर्माल्डिहाइड वापरतात. नव्या कपाटाचं दार उघडताच डोळे चुरचुरतात ते यातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूनं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली तो माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकला. हा गोंद उष्णतेनं आणि दमटपणानं परत सुटत जातो आणि वायू बाहेर पडत राहतो, एक-दोन दिवस नाही, महिनोन् महिने. आणि जून ते सप्टेंबर बेळगावच्या पश्चिम अंगाला हवा किती दमट असते हे इथं कपडे वाळत घातलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खिडक्या पावसानं बंद, कपडे आतल्या दोरीवर, कोपऱ्यात नवं कपाट आणि पाळण्यात बाळ. अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना सरकारनं चाकांवरची तयार घरं दिली होती, आतून सगळा असा बोर्ड. लोकांचे घसे धरायला लागले आणि तपासणीत त्या हवेत फॉर्माल्डिहाइड निघालं.

तडजोड अशी झाली. स्वयंपाकघरात आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय, ज्याचा गोंद फिनॉलिक असतो आणि फार कमी वायू सोडतो. त्याला दोन्ही बाजूंनी सनमायका आणि कडांना पट्टी, कारण बोर्ड मोकळा राहतो तो पाठीला, कडांना आणि स्क्रूच्या भोकांना, आणि सुतार नेमकी पाठ तशीच सोडतो. आयएसआय छाप मजबुतीची हमी देतो. वायूबद्दल विचारायचं तर ई-वन किंवा ई-झीरो दर्जा विचारावा लागतो. बाळाच्या खोलीत बोर्ड नाही. माळ्यावरच्या जुन्या सागवानी फळ्या रंधून दोन मांडण्या केल्या. मुलगा म्हणाला, "आई, हे जुन्या बाजारातलं दिसतंय." दिसू दे. सगळं फर्निचर एप्रिलमध्ये बसवून घेतलं, उन्हाळाभर दारं-कप्पे-खिडक्या उघडी टाकली. गरम कोरड्या वाऱ्यात वायू भराभर निघून जातो, आणि त्याला एक पैसा लागत नाही. वास्तुशांतीची घाई तेवढी आवरावी लागते.

पॉलिशचं म्हणाल तर मेलामाइन पॉलिशही हाच वायू सोडतं, आणि थिनरमधल्या टोल्युइननं पॉलिशवाल्याचं डोकं संध्याकाळी जड होतं ते उगाच नाही. मांडण्यांना आम्ही जवसाचं तेल दिलं. तेलाची फडकी चुरगाळून ठेवली तर आपोआप पेटतात, ती पाण्यात टाकावीत.

वाळवीचा प्रश्न खरं तर या सगळ्याच्या आधी, जोत्यात भर घालतानाच आला होता. औषध मारणारा माणूस कॅन घेऊन आला, क्लोरपायरिफॉस. एके काळी इथले लोक अ‍ॅल्ड्रिनची पावडर मुठीनं टाकत. भारतात १९९६ साली त्यावर बंदी आली, कारण ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. त्याच्या जागी आलेल्या क्लोरपायरिफॉसचा घरगुती वापर अमेरिकेनं २००० साली थांबवायला घेतला, मुलांच्या मेंदूच्या वाढीच्या काळजीनं. मे २०२५ मध्ये टिकाऊ विषांवरच्या स्टॉकहोम कराराच्या देशांनी ते काही सवलती ठेवून हटवायच्या यादीत घातलं. आमची विहीर जोत्यापासून दहा पावलांवर आहे. विहिरीच्या अंगाला मी एक थेंब पडू दिला नाही. त्याऐवजी जोतं हातभर उंच घेतलं, लाकूड कुठंही मातीला टेकणार नाही असं पाहिलं, चौकटींच्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचं पाणी पाजलं, आणि जोत्याची बाहेरची बाजू उघडी ठेवली, म्हणजे वाळवीच्या मातीच्या नळ्या चढताना दिसतात आणि मोडता येतात.

कंत्राटदाराला यातून उत्साह आला. "बाई, मग चंदगडहून काजूचं तेल आणतो. एकदम नैसर्गिक." काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला वाळवीपासून उत्तम राखतं, हे खरं. पण तेच तेल हाताला लागलं तर कातडी सोलून निघते. काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं बघावीत. अ‍ॅस्बेस्टॉसही नैसर्गिक, सिलिकाही नैसर्गिक, शिसंही जमिनीतलंच. बाहेरच्या पडवीच्या खांबांना आम्ही ते तेल दिलं, पण हातमोजे घालून.

एकूण खर्च किती वाढला असं शेजारी विचारतात. कौलं आणि मरीन प्लाय सोडले तर वाढला तो मजुरीचा, कारण ओलं काम हळू होतं. त्याचा हिशोब मी कंत्राटदाराला वेगळा लिहायला लावला: पाणी लावून घासणे, पाणी लावून कापणे, मास्क आणि हातमोजे, धुण्याचं पाणी आणि साबण. त्यानं आता ते दर प्रत्येक अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळींत घालायला सुरुवात केली आहे. परवा सुळग्याच्या एका मालकानं त्यातली पाण्यानं कापायची ओळ ठेवली आणि मास्कची खोडली.